आवाज शिकुतिमीचा, तोंड पॅरिसचं

शिकुतिमी, क्वेबेक
१४ ऑक्टोबर १९८५

दार्वालसाहेब,

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्याबरोबर गायला आहात. तुम्ही आणि मी गेले सहा आठवडे फ्रान्समध्ये पहिल्या नंबरावर आहोत म्हणे. मला हे मंगळवारी कळलं.

माझं इथे केसांचं पार्लर आहे. मंगळवारी मादाम ल्यूसींच्या केसांना कलर लावून त्यांना बसवलं होतं आणि रेडिओ चालू होता. ‘जाताना दार ओढून घे’ लागलं. आधी पुरुषाचा आवाज आला. तो तुमचा, हे मी लगेच ओळखलं, कारण लुक दार्वालचं पोस्टर माझ्या नणंदेच्या खोलीत कितीतरी वर्षं होतं. मग बाई गायला लागली आणि माझ्या हातातला कंगवा खाली पडला. तिसऱ्या कडव्याआधी ती बाई नाकाने श्वास ओढते, सूंऽ करून. तो श्वास माझा आहे. त्या दिवशी मला सर्दी झाली होती.

मादाम ल्यूसी ओरडल्या, “अगं मुरिएल, ही तर तूच!” त्या नादात कलर धुवायचा राहिला. त्यांचं डोकं आता गाजरासारखं झालंय आणि त्या सगळ्या गावाला त्याचं कारण सांगत फिरतायत.

तर झालं होतं असं. माझा मावसभाऊ गाएताँ गाणी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मला चर्चच्या तळघरात उभं करून हे गाणं टेप केलं. तुमच्या धंद्यातली ही रीत मला माहीत आहे. मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं, आणि मोठी बाई गायली की पहिलीला पुसून टाकायचं. गाएताँने टेपच्या डब्यावर माझं नावसुद्धा लिहिलं नाही. त्याने लिहिलं, ‘आवाज तात्पुरता’. मग तो डबा पॅरिसला गेला.

मी दुकानातून रेकॉर्ड आणली. कव्हरवर तुम्ही आहात, आणि तुमच्या खांद्यावर डोकं टाकून एक ओल्या केसांची पोरगी. खाली नाव ‘सिदोनी’. माझी मुलगी शोभेल. ही कोण? आणि मी कुठे आहे? उत्तर हवंय.

मुरिएल गिरार

•

पॅरिस
२ नोव्हेंबर १९८५

आदरणीय मादाम गिरार,

आपलं पत्र वाचून मौज वाटली. हे उत्तर मी स्वतःहून लिहितो आहे, मला कोणीही लिहायला सांगितलेलं नाही, हे आधीच नमूद करतो.

आपला आवाज पुसायला कोणी विसरलं नव्हतं. आम्ही एकामागून एक तीन नामवंत गायिका बोलावल्या. तिघीही सुरेख गायल्या आणि तिन्ही वेळा रेकॉर्डिंगवाल्याने नकारार्थी मान हलवली. शेवटी आमचे निर्माते मस्यू व्होक्लेर म्हणाले, “राहू दे ती तात्पुरती बाई.” आपण कोण, कुठल्या, याची आम्हाला कल्पना नव्हती.

परंतु मादाम, रेकॉर्डला चेहरा लागतो. सिदोनी गुणी मुलगी आहे. टीव्हीवर तसंही कोणी गात नाही, रेकॉर्ड वाजते आणि आम्ही ओठ हलवतो. ते तिला माझ्यापेक्षा छान जमतं. आठ लाख प्रती खपल्या आहेत. लोकांना वाटतं आमचं खरंच प्रेम आहे. एका आजीबाईंनी आमच्या लग्नासाठी दोन उशांचे अभ्रे भरतकाम करून पाठवले. अशा लोकांचा विरस करण्यात काय हशील?

सोबत एक कागद जोडला आहे. हा आवाज आपला असल्याचं आपण कुठेही बोलणार नाही आणि हे गाणं चारचौघांत गाणार नाही, एवढंच त्यात आहे. सही करून पाठवावा. कंपनी आपल्याला विसरणार नाही, एक भेटवस्तू जरूर पाठवेल. आपण संसारात सुखी आहात, या धंद्याच्या धुळीपासून दूर आहात. मला तर आपला हेवा वाटतो.

आपला नम्र,
लुक दार्वाल

•

शिकुतिमी
१५ नोव्हेंबर

दार्वालसाहेब,

तुमच्या पत्रात एक अक्षर दर वेळी ओळ सोडून वर उडी मारतं. कंपनीच्या वकिलाचंही पत्र आलंय. त्यातही तेच अक्षर तशीच उडी मारतं. म्हणजे तुम्ही दोघांनी एकाच टाइपरायटरवर स्वतःहून लिहिलंय! पुढचं पत्र हाताने लिहा, नाहीतर लिहू नका.

कागद परत पाठवतेय. सही केलेली नाही. मागच्या बाजूला शंका आली तर बघा, तिथेही नाही.

रेकॉर्डला चेहरा लागतो, हे बरोबर. मला आहे एक. बेचाळीस वर्षं वापरतेय, अजून कुणाची तक्रार नाही.

मी सुखी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ऐका. मी अठरा वर्षांची असताना क्वेबेक शहरात गाण्याच्या स्पर्धेला गेले होते. मी गायले. दोन परीक्षक होते. एक दुसऱ्याला मला ऐकू येईल असं म्हणाला, “आवाज ठेवून घे, बाई परत पाठव.” दोघे हसले. मी बसने परत आले आणि तेव्हापासून फक्त चर्चमध्ये गाते. आमच्याकडे गाणारे वर माळ्यावर असतात, ऑर्गनशेजारी, लोकांच्या पाठीमागे. लग्नं आणि मयती मिळून हजार वेळा गायले असेन. खालच्या एकानेही मान वळवून बघितलेलं नाही. चोवीस वर्षं मी लोकांच्या पाठीमागून गातेय साहेब.

मला तुमची भेटवस्तू नको. मला हे गाणं लोकांच्या तोंडासमोर उभं राहून गायचंय, माझ्या नावाने. बस. याच्याखाली मी उतरणार नाही.

घरची खबरबात द्यायची तर माझा नवरा ओव्हिला अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीवर कामाला आहे. तिथली माणसं त्याला रोज विचारतात, “काय रे, तुझ्या बायकोचा पॅरिसवाला काय म्हणतो?” तो म्हणतो, “अजून दार ओढून घेतलेलं नाही.” त्याला गंमत वाटतेय. मला नाही.

मुरिएल गिरार

•

पॅरिस
४ डिसेंबर

मादाम मुरिएल,

हाताने लिहितोय. अक्षर घाणेरडं आहे, कारण सवय सह्या करायची, आणि तीही मोडली होती.

होय, ते पत्र व्होक्लेरनी सांगितलं आणि मी टाइप केलं. हेवा वाटतो हे वाक्यसुद्धा त्यांचंच. मला लाज वाटते आहे.

माझं खरं सांगतो. या गाण्याआधी अकरा वर्षं मला कोणी विचारत नव्हतं. मी नव्या सुपरमार्केटांच्या उद्घाटनाला गायचो. एकदा चीजच्या काउंटरशेजारी उभं केलं होतं, आणि एक बाई गाणं चालू असताना मला म्हणाली, “जरा सरका ना, मागचं लोणी घ्यायचंय.” मी गात गात सरकलो.

मग हे गाणं आलं. मी सकाळी अकरा वाजता काचेच्या खोलीत एकटा उभा होतो आणि कानात तुमचा आवाज. तुमची ओळ संपली की माझी. मला वाटलं होतं, नेहमीसारखं गाऊन घरी जाऊ. पण तुम्ही ‘थांब म्हणणार नाही मी’ हे ज्या तऱ्हेने म्हणता, त्यावर मला खरोखर उत्तर द्यावंसं वाटलं. तीस वर्षं गातोय, असं कधी झालं नव्हतं. गाणं चाललं ते त्या उत्तरामुळे, असं मला वाटतं. चेहऱ्यामुळे नाही.

आता अडचण सांगतो. १ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये मोठा बक्षीस समारंभ आहे, थेट प्रक्षेपण. तिथे रेकॉर्ड लावून ओठ हलवायला बंदी आहे, वाद्यवृंदासोबत खरंच गावं लागतं. सिदोनीला दोन सूर धड लावता येत नाहीत, बिचारी तसं कबूलही करते. व्होक्लेर म्हणतात, तुम्हाला विमानाने आणायचं, तुम्ही पडद्यामागून गायचं, पुढे सिदोनी उभी राहील.

हे विचारायचं मला तोंड नाही. तरी विचारतो. या. मला परत चीजच्या काउंटरवर जायचं नाही.

लुक दार्वाल

•

शिकुतिमी
१६ डिसेंबर

लुकसाहेब,

अक्षर घाणेरडं आहे, पण वाचता आलं.

येते. ओव्हिलाचंही तिकीट पाठवा. तो आजवर ओटावाच्या पुढे गेलेला नाही, आणि मला एकटीला सोडलं तर भट्टीवाले त्याला जगू देणार नाहीत. मी निळा ड्रेस शिवायला घेतलाय. पडद्यामागे ड्रेस कशाला, असं विचाराल म्हणून आधीच सांगते.

माझी ओळ आली की मी पडद्यामागून बाहेर येणार. तीन-चार पावलं असतील. सिदोनीला धक्काबिक्का मारणार नाही, पोरीचा काय दोष! तिच्या शेजारी उभी राहीन, तिला हवं तर माझा हात धरू दे. पण मी गाणार ते पुढे येऊनच.

मी चोरून काही करत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. व्होक्लेरना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तुमच्याकडून वचन घेत नाही.

नाताळच्या शुभेच्छा. आम्ही मोठ्या भांड्यात पिठाच्या पारीत मांस भरून मंद आचेवर लावलंय, उद्यापर्यंत शिजत राहील. घरभर वास सुटलाय आणि मी शिवणयंत्रावर बसून गातेय. फार दिवसांनी इतकं बरं वाटतंय.

मुरिएल

•

पॅरिस
६ जानेवारी १९८६

मुरिएल,

मी सांगितलं.

व्होक्लेर जेवायला घेऊन गेले, दोन नव्या रेकॉर्डचा करार पुढे ठेवला आणि विचारलं, “ती बाई गडबड तर करणार नाही ना?” मला नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. मी सगळं सांगून टाकलं, ड्रेसचा रंगसुद्धा.

तुमची तिकिटं रद्द झाली आहेत. कोरसमधली एक मुलगी आवाजांच्या नकला करते, ती पडद्यामागे उभी राहील. रोज तालीम चालू आहे. तिसऱ्या कडव्याआधीचा तो नाकातला श्वासही तिला शिकवलाय.

माफी मागत नाही. मागून उपयोग नाही.

लुक

•

शिकुतिमी
१७ जानेवारी

लुक,

माझी सर्दीसुद्धा?

माझा आवाज घेतला, तोंड दुसरीचं लावलं, आता माझी सर्दी तिसरीला शिकवली! तुमच्या पॅरिसात स्वतःचं असं काही आहे की नाही रे?

तुझं पत्र मी ओव्हिलाला वाचून दाखवलं. तो मितभाषी माणूस. त्याने चर्चमधल्या वेदीपासून प्याल्यापर्यंत एकेक पवित्र वस्तूचं नाव घेऊन तुला शिव्या दिल्या. आमच्याकडे शिव्या अशाच देतात. काही उरलं नाही तेव्हा थांबला. मग म्हणाला, “ड्रेस पुरा कर.”

मी रडले, हेही लिहून टाकते. त्या दोन परीक्षकांनी हाकललं तेव्हा रडले नव्हते. ते मला ओळखत नव्हते. तुला मी हाताने लिहायला लावलं होतं, तू मला त्या काचेच्या खोलीचं सांगितलं होतंस. तुला मी माणूस समजले.

तुला चोर म्हणणार नाही. चोर निदान पळतो. तू नुसता सरकतोस, कुणाला लोणी घ्यायचं असलं की.

आता ऐक. १५ फेब्रुवारीला आमचा हिवाळ्याचा कार्निव्हल आहे. सगळं गाव आज्या-पणज्यांच्या काळातले कपडे घालून रस्त्यावर येतं. त्या दिवशी दुपारी हॉकीच्या मैदानावर मंच बांधतात. मी तिथे ‘जाताना दार ओढून घे’ गाणार. पोस्टर लागलीत, माझं नाव वीतभर अक्षरात आहे. वकिलाला सांग. व्होक्लेरला सांग. सांगायची सवय आहेच तुला.

मुरिएल गिरार

•

पॅरिस
३ फेब्रुवारी

मुरिएल,

शनिवारचं दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

पहिलं कडवं मी गायलो. सिदोनी पांढऱ्या कपड्यात शेजारी उभी होती. तिची ओळ आली आणि पडद्यामागून तुझा आवाज आला. हुबेहूब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी आली आणि मला ओळच येईना. शब्द पाठ होते. पण मी आजवर या गाण्यात तुला उत्तर देत आलोय, आणि त्या आवाजात मला काही विचारलंच नव्हतं. तुझ्या पत्रामुळे धीर आला असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी अडकलो.

वाद्यवृंद दोनदा त्याच जागी फिरून आला. मग मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणालो, “हा आवाज हिचा नाही. पडद्यामागच्या मुलीचाही नाही. तो शिकुतिमीच्या मुरिएल गिरारचा आहे. ती केस कापते. तिला इथे यायचं होतं, मी तिला येऊ दिलं नाही.”

एकदम आरडाओरडा झाला. कुणी शिट्ट्या मारल्या. सिदोनीने माइक माझ्या हातातून घेतला. मला वाटलं आता रडणार. ती म्हणाली, “खरंय. मला गाता येत नाही. सहा महिने झाले, घरी आंघोळ करतानासुद्धा मी गुणगुणत नाही, शेजारी ऐकतील म्हणून.” मग ती मंचाच्या पायरीवर जाऊन बसली.

मी वाद्यवृंदाला पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला सांगितलं. फक्त माझ्या ओळी गायलो. तुझ्या ओळींना नुसती वाद्यं वाजली. पहिल्या वेळी लोक कुजबुजत होते. तिसऱ्या कडव्याला कोणी हललं नाही.

करार गेला. व्होक्लेर म्हणाले, “संपलास तू.” असेन. मी ते झटक्यात केलं, शूरपणाने नाही, आणि तुझं जे गेलं ते यातून भरून येत नाही. पण तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला उत्तर देणं मला जमलं नाही, एवढं तुला कळावं.

लुक

•

शिकुतिमी
१८ फेब्रुवारी

लुक,

तुझं पत्र पोचायच्या आधीच बातमी पोचली. पत्रकार विमानाने आले. बाहेर उणे अठ्ठावीस. पॅरिसचे पातळ बूट घालून आलेले, दोघांचे पाय मला पार्लरमध्ये ड्रायरखाली शेकून द्यावे लागले.

शनिवारी मी गायले.

मैदान भरलं होतं. मी निळ्या ड्रेसवर ओव्हिलाच्या आजीचा फरचा कोट घातला होता. मंचावर चढले आणि समोर बघितलं. इतकी तोंडं! लोकांच्या टाळूकडे बघून गायची सवय मला, टकलं मोजायची सवय. इथे प्रत्येकाला डोळे होते आणि ते माझ्यावर होते. पळून जावंसं वाटलं, देवाशपथ.

तेवढ्यात मंचाच्या कडेला कोर्टाचा बेलिफ आला. खिशात कंपनीची नोटीस, गाणं थांबवण्याची. हा आमच्याच गावचा रोझेर, याच्या आईचे केस मी दर शुक्रवारी सेट करते. मी म्हटलं, “दे.” तो म्हणाला, “बाई, नोटीस हातात पडली की तुम्हाला थांबावं लागेल. माझे हात गारठलेत, खिशातून निघत नाहीत. गाणं किती मिनिटांचं आहे?” मी म्हटलं, “चार.” “मग पाच मिनिटांनी निघतील,” तो म्हणाला.

तुझ्या ओळी कोण गाणार, हे ठरवलंच नव्हतं. मी त्या जागी वाद्यांनाच वाजू देणार होते, तुझ्यासारखंच. पण पहिलीच ओळ भट्टीवाल्यांनी उचलली. चारशे पुरुष, एकही जण सुरात नव्हता. चारशे जण मला सांगत होते की मी चाललो, आणि मी चारशे जणांना सांगत होते, जा, थांब म्हणणार नाही मी. लुक, मी इतकं मोठ्याने आयुष्यात गायले नाही. घसा फाटला तरी चालेल असं गायले. मादाम ल्यूसी पहिल्या रांगेत होत्या, गाजर अजून उतरलेलं नाही, आणि त्या ढसाढसा रडत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून.

मग रोझेरने नोटीस दिली. मी सही करून घेतली. सही करायला मला हरकत नसते, कागद कुठला यावर आहे.

काल कंपनीची तार आली. सूर बदललाय. रेकॉर्ड पूर्वीपेक्षा दुप्पट खपतेय, नवं कव्हर काढायचंय, मुरिएल गिरार या नावाने. माझा फोटो हवा. ‘शक्यतो काही वर्षांपूर्वीचा, किंवा आम्ही मेकअपचा माणूस पाठवतो.’ मी शनिवारचा फोटो पाठवलाय. गावच्या फोटोवाल्याने काढलेला. नाक लाल, केस वाऱ्याने उडालेले, तोंड पुरतं उघडं, मागची सोन्याची दाढ दिसतेय. सोबत लिहिलंय, हा छापा, नाहीतर माझा आवाज पुसा. बघू काय करतात.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. अजून राग आहे आणि तो मला काही दिवस हवा आहे. पण पुढच्या कार्निव्हलला ये. मंचावर नाही. खाली, भट्टीवाल्यांमध्ये, ओव्हिलाच्या शेजारी. त्यांना निदान एक सुरातला माणूस मिळेल.

सिदोनीला सांग, न्हाताना गात जा. शेजारी गेले खड्ड्यात.

मुरिएल

•

लील
७ एप्रिल

मुरिएल,

लीलला एका सुपरमार्केटच्या उद्घाटनाला आलोय. या वेळी मासळीच्या काउंटरशेजारी. कोणी सरकायला सांगितलं तर सरकायचं नाही असं ठरवून उभा होतो. कोणी सांगितलं नाही.

परत जाताना स्टेशनजवळच्या रेकॉर्डच्या दुकानात शिरलो. नवं कव्हर खिडकीत होतं. माझं नाव खाली बारीक. वर तू, अख्ख्या कव्हरभर, दाढेसकट. त्यांनी काही झाकलं नाही.

एक बाई आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीने जुनं आणि नवं अशी दोन्ही कव्हरं हातात धरली आणि आईला विचारलं, “यातली गाणारी कुठली?”

आईने नीट बघितलंसुद्धा नाही. तुझ्यावर बोट ठेवून म्हणाली, “ही काय! दिसत नाही का, गातेय ती.”

लुक